पाण्याची मोटर घेताना एचपी बघायचा की किलोवॅट?

आत्याची पाण्याची मोटर जळली म्हणून परवा तिला घेऊन इंदूरच्या महाराणी रोडला गेलो, तर दुकानदाराचा पहिला प्रश्न, "भिया, आधा एचपी दूँ के एक?" आणि आत्याचा माझ्या कानात दुसराच, "अरे पण बिल किती येईल ते विचार ना त्याला." दोघांचं बरोबर होतं, फक्त दोघं वेगवेगळ्या मापात बोलत होते.

एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, घोड्याची ताकद. जेम्स वॅटला आपली वाफेची इंजिनं विकायची होती, गिऱ्हाईकाला कळायचे घोडे, म्हणून त्यानं मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असं माप ठरवून टाकलं. गंमत अशी की हा घोडासुद्धा एक नाही. यांत्रिक एचपी ७४५.७ वॅटचा, कारच्या कागदावर पीएस लिहितात तो मेट्रिकवाला ७३५.५ चा, आणि विजेच्या मोटरीचा बरोब्बर ७४६ चा. १८८२ मधे विल्यम सीमेन्सनं 'वॅट' हे नाव सुचवलं, १९६० मधे ते एसआय या आंतरराष्ट्रीय मापन पद्धतीत आलं आणि घोडा कागदावर रिटायर झाला. आपल्याकडे मात्र कुठे, एमपीत शेतीच्या पंपाचं कनेक्शन आजही एचपीतच बोलतात.

दुकानात एचपीच बोला, उगाच शहाणपणा नको. वाइंडिंगवाला, कपॅसिटर देणारा, प्लंबर, सगळे त्यातच बोलतात. तुम्ही ०.३७ किलोवॅट मागितलं तर तो तुमच्या तोंडाकडे बघेल आणि मग अर्धा एचपीच काढून देईल, कारण तेच आहे ते. ०.७५ म्हणजे एक, १.१ म्हणजे दीड, १.५ म्हणजे दोन.

पण खरी गोम पुढे आहे. मोटरच्या प्लेटवर एचपी असो की किलोवॅट, तो आकडा मोटर शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) किती ताकद *देते* त्याचा असतो, मीटरमधून किती *ओढते* त्याचा नाही. मी घरी बघितलं, सगळं बंद करून फक्त आमची एक एचपीवाली चालू ठेवली आणि मीटरचा लाल दिवा मोजत बसलो, मिनिटाला ६४ वेळा लुकलुकला. मीटरवर लिहिलंय ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट, इथे तासाला होतात ३८४०, म्हणजे झाले १.२ किलोवॅट! प्लेटवर ०.७५. मधले गेले मोटर गरम करण्यात. आणि मिक्सरवर ७५० वॅट लिहिलेलं असतं ते साधारण ओढण्याचं असतं, त्यामुळे "मिक्सरसुद्धा एक एचपीचाच की" असा हिशोब कुणी मांडला तर मान डोलवू नका.

म्हणून वायर, एमसीबी, इन्व्हर्टर यांच्यासाठी एचपी विसरा, प्लेटवरचे अँपिअर बघा (सुरू होताना मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते, ते वेगळंच).

बरं, पाणी वर चढणार का हे दोन्ही आकडे सांगत नाहीत. त्यासाठी 'हेड' बघायचं, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो ते, किती मीटर उंच असं लिहिलेलं असतं. आत्याचं घर दुमजली, नर्मदेचं पाणी एक दिवस आड येतं, हौदातून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, बस्स. दुकानदार एकचा आग्रह करत होता, "बाद में बोलोगे कम पड़ गया." मी हेड वाचलं आणि अर्धाच घेतला.

तिच्याकडेपण दिवा मोजला, मिनिटाला ३५. हजार लिटरची टाकी भरायला ३५ मिनिटं लागतात, आमच्या एक एचपीला तेवढ्याच टाकीला २०. दोन्हीकडे युनिट जातात ०.४ च्या आसपासच, म्हणजे बिलाच्या भीतीनं छोटी घेण्यात काही अर्थ नाही, आणि "जास्त पॉवर बरी" म्हणून मोठी घेण्यातही नाही. घाई असेल तर मोठी. आत्याला घाई नाही, तेवढ्यात तिचे पोहे होतात.