ला पाझची केबल कार: गुडघे दुखणाऱ्यांनी जरूर वाचा

आधी पैशांचं सांगते, कारण आम्ही तिथेच फसलो. बोलिव्हियातल्या ला पाझला पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी एका टूरवाल्याने आम्हाला 'केबल कार सहल' विकली, माणशी २५ डॉलर. सहल म्हणजे काय, तर गाइड आमच्याबरोबर स्टेशनवर आला, तिकिटं काढली, वर नेलं, फोटो काढायला पंधरा मिनिटं दिली आणि खाली आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच खिडकीवर गेलो तेव्हा तिकिटाचा आकडा वाचला: ३ बोलिव्हियानो. पैसे भरलेलं कार्ड घेऊन एका लाइनवरून (म्हणजे मार्गावरून) लगेच दुसऱ्या लाइनवर गेलं, तर त्या दुसरीला २. आमचे हे दिवसभर त्या २५ डॉलरचे बोलिव्हियानो करत बसले होते.

तर पहिला सल्ला: याची सहल विकत घेऊ नका. ही सहलीची गोष्टच नव्हे, ही गावाची बस आहे. नाव 'मी तेलेफेरिको'. स्पॅनिशमध्ये 'मी' म्हणजे 'माझी', त्यामुळे मराठी कानाला नाव उगाच गमतीशीर वाटतं. मे २०१४ मध्ये लाल लाइन सुरू झाली, २०१९ पर्यंत दहा झाल्या, सगळ्या रंगांच्या नावाने ओळखल्या जातात. समोरासमोर पाच-पाच अशी दहा माणसं एका डब्यात बसतात, आणि एक डबा गेला की काही सेकंदांत दुसरा हजर. वेळापत्रक बघायची भानगड नाही. फक्त स्टेशनात डबा पुरता थांबत नाही, हळू सरकत असतो आणि तेवढ्यात चढायचं असतं. गुडघे कुरकुरत असतील तर दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला आधीच खूण करा, हात देतात.

दुसरा सल्ला: पहिल्या दिवशी वर जाऊ नका. विमानतळच ४,०६१ मीटरवर, वरच्या एल आल्तो शहरात आहे. तिथून खाली शहरात आलं तरी मध्यवस्ती ३,६०० च्या आसपास. पाणी ८८ अंशांच्या जवळपासच उकळतं, म्हणून चहा कधीच मनासारखा कडक होत नाही आणि बटाटा शिजता शिजत नाही. (तीस वर्षं भूगोल शिकवला, पण हा धडा जिभेला तिथे कळला.) पहिला दिवस कोकाच्या पानांचा चहा पीत झोपून काढा. पानं घरी आणायचा मोह मात्र टाळा, बहुतेक देशांच्या कस्टमवर गोत्यात याल.

आता मार्ग. जुन्या रेल्वे स्टेशनच्या जागी लाल लाइनचं खालचं टोक आहे. स्टेशनांना तिथल्या आयमारा भाषेतली नावंही आहेत. याचं 'तायपी उता', म्हणजे मधलं घर. वर जाताना डोंगराकडे पाठ करून बसा, म्हणजे सगळं शहर आणि त्यामागचा ६,४३८ मीटरचा इयिमानी पर्वत समोर राहतो. डबा मोठ्या दफनभूमीवरून जातो. तिथे मजल्यावर मजले रचलेल्या भिंतींमध्ये कोनाडे आहेत, प्रत्येकाला काचेचं छोटं दार, आत फुलं. कित्येक भिंतींवर भलीमोठी चित्रं. खालून चालत गेले असते तर ती एवढी दिसली नसती. पुढे गिलावा न केलेल्या लाल विटांची घरं चढावर एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, एक कुत्रा पत्र्यावर आरामात झोपलेला. डब्यात शिरणारा प्रत्येक जण 'बुएनोस दियास' (शुभ सकाळ) म्हणतो. तुम्हीही म्हणा. माझ्यासमोर बसलेल्या घेरदार झगा आणि गोल हॅटवाल्या आजींनी पाठीवरचं रंगीत गाठोडं मांडीवर घेतलं आणि आमच्या ह्यांच्याकडे बघून हसल्या, कारण हे दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून बसले होते. यांना उंचीची भीती आहे. हे आधी सांगायला हवं होतं.

वर एल आल्तो. एके काळी ला पाझचं उपनगर, आता स्वतंत्र शहर आणि लोकसंख्येत ला पाझच्या पुढे. गुरुवारी किंवा रविवारी गेलात तर खिळ्यापासून गाडीच्या इंजिनापर्यंत सगळं विकणारा प्रचंड बाजार स्टेशनबाहेरच भरलेला असतो. पाकीट पुढच्या खिशात ठेवा. निळी लाइन धरली तर 'चोलेत' दिसतात: खाली दुकानं, मधे लग्नाचा हॉल, माथ्यावर मालकाचं घर, आणि बाहेरून असे भडक रंग की सणासाठी नटलेली इमारत वाटावी. फ्रेडी मामानी नावाच्या गवंडीकामातून वर आलेल्या वास्तुकाराने ही शैली गाजवली.

चंदेरी लाइन कड्याच्या काठाने जाते, छोटी आहे, ती फक्त पिवळीकडे नेण्यापुरती. पण पिवळी! मला सगळ्यात आवडली ती हीच. बऱ्याच शहरांत श्रीमंत टेकडीवर राहतात, इथे उलटं. खाली हवा ऊबदार, प्राणवायू जास्त, म्हणून पैसा खाली. पिवळीने उतरताना विटांची घरं संपतात, मग गिलावा येतो, मग काचेच्या इमारती, आणि हिरवी लाइन धरून आणखी खाली गेलं की पोहण्याचे तलाव असलेले बंगले. फळ्यावर उभा छेद काढून मी हे कधीच इतकं नीट समजावू शकले नसते.

आम्ही हिरवीऐवजी आकाशी लाइन घेऊन प्रादोला, म्हणजे मध्यवस्तीतल्या मुख्य रस्त्याला, परतलो. लाल, चंदेरी, पिवळी, आकाशी, मिळून ९ बोलिव्हियानो. पुढे प्लासा मुरियो या मुख्य चौकापर्यंत चढ आहे, टॅक्सी करा. तिथे संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ उलटं फिरतं, दक्षिण गोलार्धाचं म्हणून २०१४ मध्ये तसं केलं. (संविधानाने राजधानी सुक्रे, पण सरकार बसतं इथे.) शाकाहारी असाल तर सकाळच्या साल्तेन्यांत (सारण भरून भाजलेल्या करंज्यांत) बहुधा मांस असतं हे लक्षात ठेवा. मक्याच्या पानात शिजवलेली चीज घातलेली उमिंता आणि जांभळ्या मक्याचं गरम आपी यांवर माझं छान भागलं.

उणं काय? संध्याकाळी कामं सुटायच्या वेळी रांगा लागतात. विजा-वादळात सेवा थांबवतात, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीच्या पावसात सकाळचीच वेळ धरा. रविवारी उशिरा सुरू होते आणि लवकर बंद. पाचपैकी साडेचार तारे.

निघायच्या दिवशी कार्डावर ६ बोलिव्हियानो उरले होते. मी म्हटलं, राहू देत. आमचे हे हातातलं घड्याळ बघून म्हणाले, "पिवळीने वर जाऊन खाली यायला पुरतात की."