दोस ओहोस : माझी सगळ्यात आवडती पाण्याखालची गुहा

फ्लोरिडाची जिनी स्प्रिंग्ज ही पाण्याखालची गुहा पण केलीये, पण तिथे प्रवाह इतका जोरात की आत शिरतानाच दम निघतो. मेक्सिकोत तुलुमजवळच्या दोस ओहोसमध्ये तसं काहीच नाही, पाणी जवळपास स्थिर, साधारण २५ अंश आणि इतकं नितळ की टॉर्च मारला की बुडबुडे छताला चिकटून पाऱ्यासारखे पसरताना दिसतात, मी तर बघतच राहिले! नावाचा अर्थ दोन डोळे, शेजारी शेजारी दोन सेनोटे (जमीन खचून झालेले पाण्याचे खड्डे) म्हणून. छतावरून लोंबणारे चुनखडीचे सुळे हिमयुगात गुहा कोरडी असताना तयार झालेत, त्यामुळे फिन (पायातले पोहण्याचे पंख) जरा जपून मारा, एक धक्का लागला तर हजारो वर्षांचं काम गेलं. २०१८ मध्ये ही गुहा साक आक्तुन या पाण्याखालच्या दुसऱ्या गुहेला जोडलेली सापडली, मिळून तेव्हा जवळपास ३४७ किलोमीटर!

केव्ह सर्टिफिकेट (गुहेतल्या डायव्हिंगचं) नसेल तर गाईडसोबत उजेडाच्या टप्प्यातली लाईनच (वाट दाखवायला बांधलेली दोरी) करा, तीही भारी आहे. आणि गॅसचा, म्हणजे टाकीतल्या हवेचा, एक तृतीयांशचा नियम पाळाच, एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. आमच्या गाईडने दोरी सोडून फोटो काढायला साफ नकार दिला, मला ते फार आवडलं.