घरच्या अंगणातली पहिली पुनर्बांधणी: ४०७ टेम्पो की जुनी जीप?

जुनी गाडी अंगणात पूर्ण सोडवून, नटबोल्टपासून पुन्हा उभी करायची असे ज्याने मनाशी पक्के केले आहे, त्याच्यापुढे महाराष्ट्रात बहुधा तीन पर्याय असतात. टाटाचा मोठा १२१० ट्रक, टाटा ४०७, ज्याला आपल्याकडे सर्रास टेम्पोच म्हणतात, आणि महिंद्राची जुनी जीप. तिन्ही गाड्यांना स्वतंत्र चॅसिस आहे, म्हणजे बॉडी उतरवून खालचा सांगाडा मोकळा करता येतो. मात्र कष्ट, जागा आणि कागदपत्रे या बाबतींत तिघांत फार मोठे अंतर आहे.

मोठ्या ट्रकबद्दल थोडक्यात सांगतो. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांचे सहकार्य १९५४ ते १९६९ या काळात होते आणि १२१० चे सहा सिलिंडरचे इंजिन त्याच परंपरेतले आहे. घाट चढताना त्याचा आवाज ज्याने लहानपणी ऐकला, त्याला या ट्रकचा मोह पडणे स्वाभाविक आहे आणि मलाही तो आहे. परंतु पहिल्याच कामासाठी तो घेऊ नये. त्याचे इंजिन उचलायला भक्कम गर्डर आणि चेन कप्पी लागते, त्याच्या चाकाला लॉकरिंग, म्हणजे टायर जागेवर धरून ठेवणारी लोखंडी रिंग असते व ती नीट न बसवता हवा भरली तर रिंग उडून माणूस दगावू शकतो, आणि गाडी तयार झाल्यावर रस्त्यावर न्यायला अवजड वाहनाचा परवाना हवा. म्हणून खरी निवड उरते ती ४०७ आणि जीप यांच्यात.

१९८६ साली आलेल्या ४०७ ची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे सुटे भाग. त्यातील २९५६ सीसीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीलाही तोंडपाठ असते आणि पिस्टन, लायनर, बेअरिंग, क्लचप्लेट यांसाठी कुर्ल्यापर्यंत जावे लागत नाही. अडचण आहे ती गाडीच्या आयुष्यात. ४०७ ने जन्मभर ओझे वाहिलेले असते आणि अनेकदा ते क्षमतेपेक्षा जास्त असते. त्यामुळे पाट्यांच्या (पट्टीच्या स्प्रिंगांच्या) हँगरजवळ चॅसिसला तडे गेलेले, वर पट्ट्या वेल्ड केलेल्या आणि पाट्यांच्या जुडग्यात जादा पाटे घातलेले आढळतात. हौदा आणि फाळका स्थानिक कारागिराकडून नव्याने बांधून घेता येतो, पण वाकलेले चॅसिस सरळ करणे हे अंगणात होणारे काम नव्हे. डिझेल पंप, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा पंपही घरी खोलू नये, तो पंपवाल्याकडे मशीनवर लावूनच घ्यावा लागतो. शिवाय मागे जोडचाके असल्याने टायर सहा लागतात आणि गाडीची लांबी पाच मीटरच्या आसपास असल्याने बंगल्याच्या नेहमीच्या शेडमध्ये ती मावत नाही.

जीपचे गणित वेगळे आहे. ८० इंच व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) जुन्या सीजे-३बी या महिंद्राच्या जीपची लांबी साधारण ३.३ मीटर आहे. बॉनेट, मडगार्ड, जाळी आणि काच उतरवली, स्टिअरिंग, हँडब्रेकची केबल, इंधनाची नळी व वायरिंग सोडवले, आदल्या रात्री गंजलेल्या बोल्टवर डिझेल सोडून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी पाच-सहा जण तिचा टब, म्हणजे पत्र्याची मुख्य बॉडी, हातांनी उचलून बाजूला ठेवू शकतात. पहिल्यांदा काम करणाऱ्याला याचे मोल किती आहे हे ४०७ ची केबिन उतरवायला क्रेन बोलवावी लागते तेव्हाच कळते. तिच्या २१९९ सीसीच्या हरिकेन पेट्रोल इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. ही रचना आज थोड्याच मिस्त्रींच्या हाताखालून गेलेली असते, तरी ती शिकण्यासारखी आहे आणि डिझेल पंपाचा प्रश्नच येत नाही. पत्र्याचे काम मात्र जीपमध्ये जास्त निघते, कारण पाणी टबच्या तळाशी साचते आणि त्याखालचे आडवे चॅनल आतून सडतात. हरियाणातल्या डबवालीहून तयार टब मिळतात, पण शक्य तोवर मूळ पत्राच दुरुस्त करावा, असे मला मनापासून वाटते.

जीपचा खरा धोका कागदांत आहे. कित्येक पेट्रोल जिपांमध्ये पुढे डिझेल इंजिन बसवले गेले आणि आरसीवर त्याची नोंदच झाली नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी रॉकेलच्या फडक्याने चॅसिसवरची पंच केलेल्या नंबराची जागा स्वच्छ करावी, बारीक पॉलिश पेपर फिरवावा आणि त्यावर आडवा खडू घासावा. खोलात गेलेले आकडे मग स्पष्ट दिसतात. ते आरसीशी एकेक ताडून पाहावेत, आणि एखादा आकडा शेजारच्यापेक्षा वेगळ्या खोलीचा किंवा तिरपा दिसला, तर जीप कितीही देखणी असली तरी तिथून परत फिरावे.

विंटेज नोंदणीची आशा धरून ज्यांना काम सुरू करायचे आहे, त्यांनी २०२१ चे केंद्रीय नियम नीट समजून घ्यावेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकीच त्यात बसते, आणि चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणजे मूळ इंजिनाची जुनी खासगी जीप त्यात बसू शकते, मालवाहू ट्रक मात्र बसत नाही. नवीन नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क आहे आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्याला दर रविवारी गाडी फिरवायची आहे, त्याने साधी खासगी नोंदणीच दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून जिवंत ठेवावी. ४०७ ला मालवाहू म्हणून दरवर्षी पासिंग करावे लागते. तिच्या बाजूने एक गोष्ट आहे. ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा शिक्कामोर्तब केले आहे.

एवढे पाहता, ज्याला गाडी बाहेरून विकत घ्यायची आहे त्याने स्वच्छ कागदांची, शक्यतो मूळ इंजिनाची जीपच घ्यावी. हे मी निःशंकपणे सांगतो. परंतु घरचीच ४०७ दारात उभी असेल, वडिलांनी तिच्यावर संसार चालवला असेल, तर जीप शोधत फिरण्यात अर्थ नाही. ती ४०७ च करावी, फक्त पद्धत बदलावी. सगळी गाडी एकदम सोडवू नये. आधी पासिंग आणि कर चालू करून घ्यावा, मग ब्रेक आणि पाटे, मग इंजिन, आणि केबिनचा पत्रा सर्वांत शेवटी, म्हणजे प्रत्येक टप्प्यानंतर गाडी स्वतःच्या चाकांवर अंगणाबाहेर जाऊन परत येऊ शकेल.