'कमिंग ऑन' म्हणावं की 'उठायलंय'?

अर्धशिशीवाल्याला दोन वाक्यं लागतात. एक, डोकं दुखतंय. दुसरं, अजून दुखत नाही, पण आता सुरू होणार. गोळी सुरुवातीलाच घेतली तर जास्त लागू पडते, म्हणून खरं कामाचं वाक्य दुसरं. लातूरला घरी बसून पुण्याच्या ऑफिसचं काम करतो, त्यामुळे ते दोन्ही भाषांत वापरून झालंय.

इंग्रजीतलं 'आय फील अ हेडेक कमिंग ऑन' सुबक आहे, यात वाद नाही. सर्दीला चालतं, शिंकेलाही चालतं. ('कमिंग डाऊन विथ' सर्दी-फ्लूसाठी ठीक, नुसत्या डोकेदुखीला ते शोभत नाही.) शिवाय साहेबाला लिहिताना रजा मागितल्यासारखं वाटत नाही, नुसती वर्दी दिल्यासारखं वाटतं.

आपल्याकडची अडचणही सांगतो. आमच्या लातूरकडं ताप 'यायलाय' (येतोय), चक्कर 'यायलीय' म्हटलं की सुरुवात कळते; तापाच्या आधीच्या अवस्थेला तर 'कणकण' असा स्वतंत्र शब्दच आहे. पण 'डोकं दुखायलंय' म्हणजे दुखणं सुरू झालंच. तिथं इंग्रजी सरस, असं मी बरेच दिवस मानत होतो. आईच्या तोंडचं 'उठायलंय' मात्र ध्यानात आलं नव्हतं. डोकं उठणं म्हणजे मुळात दुखणं सुरू होणं, म्हणून 'उठायलंय' म्हणजे आता सुरू होणार.

तरी सवयीनं इंग्रजीच लिहायचो. एका सकाळी डोळ्यांपुढं चमकत्या नागमोडी रेघा नाचू लागल्या. माझ्याकडं त्यानंतर अर्ध्या तासात ठणका येतो. घाईनं टीम लीडला 'हेडेक कमिंग ऑन' लिहिलं. तोही घाईत, त्याला 'कमिंग ऑन' एवढंच दिसलं असावं. उत्तर आलं, 'ग्रेट, जॉइन करा', आणि खाली मीटिंगची लिंक. समजावून सांगण्याइतकं त्राण नव्हतं, म्हणून जॉइन झालो. पाऊण तास पांढऱ्याफेक पडद्यावरचे आकडे बघत बसलो. गोळी तशीच पाकिटात. महिन्याभरात हेच पुन्हा झालं, लिंकसकट.

घरात दारातूनच 'आई, उठायलंय बघ' म्हटलं तर ती काही विचारत नाही. पडदा ओढते, टीव्ही बंद करते, पाण्याचा तांब्या आणून ठेवते.

तुमची टीम अमराठी असेल तर इंग्रजीला इलाज नाही. मीही बंगळुरूच्या लोकांना इंग्रजीच लिहितो, फक्त 'ऑन' टाळून 'हेडेक स्टार्टिंग' लिहितो. पुण्याच्या ग्रुपवर मात्र आता 'डोकं उठायलंय, गोळी घेऊन पडतो'. पहिल्यांदा टीम लीडनं विचारलं, "उठायलंय म्हणजे काय हो?" थोडं हसलाही असेल. पण लिंक नाही पाठवली.