टाकीवरचा वायरलेस लेव्हल सेन्सर: छोटं मॉडेल की दांडीवालं?

नेरूळमधली आमची सोसायटी तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. टाकी भरली का हे बघायला वॉचमनकाकांना दरवेळी गच्चीवर जावं लागायचं. म्हणून कमिटीने वायरलेस सेन्सर घ्यायचं ठरवलं. मी बरीच वर्षं महापेच्या एमआयडीसीत रेडिओ टेस्टिंग केलंय, त्यामुळे निवड माझ्याकडे आली. एकाच कंपनीची दोन मॉडेलं लावून पाहिली. एक साबणाच्या वडीएवढं, अँटेना आतच. दुसऱ्याला बाहेर काळी दांडी. दोन्ही उघडून बघितली, रेडिओचं सर्किट तेच आहे. फरक फक्त अँटेनाचा.

छोट्याचं सील अप्रतिम आहे. पावसात थेंब आत गेला नाही, कावळ्यांना ओढायला बाहेर काही नाही. गच्चीवर रिसीव्हर धरला तर सिग्नल खणखणीत. पण पंपरूममध्ये, मधले सगळे स्लॅब ओलांडून, रीडिंग मधूनच गायब. त्याच जागी दांडीवालं ठेवलं तर रिसीव्हरवरचा सिग्नलच्या ताकदीचा आकडा (डीबीएममध्ये, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार) उणे ११८ वरून उणे १०९ वर आला. नऊ डीबीचा (डेसिबलचा) फरक म्हणजे जवळजवळ आठपट ताकद, तेवढ्याच बॅटरीवर.

ही यंत्रं ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात चालतात. तिथे लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर, म्हणजे पाव लहरीची दांडी पावणेनऊच्या आसपास. डबीत तेवढी जागा नाही म्हणून तारेची स्प्रिंग करून बसवतात. तार गुंडाळता येते, पण अँटेनाचा आकार लहान झाला की एकतर त्याचा पट्टा अरुंद होतो (म्हणजे तो अगदी थोड्याच फ्रिक्वेन्सींवर नीट चालतो), नाहीतर ताकद उष्णतेत वाया जाते. एमआयटीच्या लॅन जेन चू यांनी १९४८ मध्ये ही मर्यादा गणिताने मांडली, तिच्यातून कोणत्याच कंपनीची सुटका नाही.

अरुंद पट्ट्याचा अँटेना फार हळवा असतो. आमच्या टाकीचं झाकण पत्र्याचं आहे. डबी थेट त्यावर होती तोवर सिग्नल रडत होता. खाली तीन बोटं जाडीचा लाकडी ठोकळा ठेवला आणि आकडा लगेच चार-पाचने सुधारला. छोटं मॉडेल घेतलंत तर एवढं कराच. आणि पॅकेट, म्हणजे रीडिंगचा एक संदेश, पोचलं नाही की हा सेन्सर तेच पुन्हा पाठवतो, म्हणजे कमजोर अँटेना बॅटरीही खातो.

दांडीवाल्यातही खोट आहे. दांडी जिथून बाहेर येते तिथलं रबर वॉशर अगदीच हलकं, मी सिलिकॉन भरून घेतलं. शिवाय उभी दांडी आपल्या टोकांच्या दिशेला सर्वांत कमी फेकते, आणि आमची पंपरूम नेमकी टाकीच्या खाली! म्हणून सेन्सर आणि रिसीव्हर, दोन्हींच्या दांड्या आडव्या आणि एकमेकींना समांतर ठेवल्या. वर दिलेला उणे १०९ त्यानंतरचा. माहितीपत्रकात यावर एक ओळ नाही, याचा मला खरंच राग आला. खोक्यावरची 'दोन किलोमीटर रेंज' मोकळ्या मैदानातली असते, हेही छापायला हवं होतं.

रो-हाऊस असेल, टाकी आणि पंप समोरासमोर असतील, तर छोटं घ्या, सुटसुटीत आहे. मध्ये स्लॅब असतील तर दीडशे रुपये जास्त टाकून दांडीवालंच घ्या, आणि सिलिकॉनची ट्यूब त्याच दिवशी आणा.