सोफा भिंतीला बसतो, पण लिफ्टमध्ये?

उमेदीची सगळी वर्षं ट्रेसिंग पेपरवर दारं-खिडक्या काढण्यात गेली, त्यामुळे फर्निचरच्या दुकानात मी रंगाआधी माप बघतो. मुलुंड पूर्वेच्या आमच्या हॉलला नवा सोफा हवा होता. सून म्हणाली, "बाबा, टेप राहू द्या घरी, त्यांच्या ॲपमध्ये सगळं आहे." टेप मी घेतलीच. दुकानाचं नाव लिहीत नाही. मुंबईत त्यांची बरीच शोरूम आहेत, ओळखणारे ओळखतील. हे परीक्षण सोफ्याचं नाही, त्यांच्या ॲपचं आणि त्यातल्या, दुकानात फिरताना वापरायच्या 'स्टोअर मोड'चं आहे.

आधी चांगलं. प्रत्येक वस्तूवर क्यूआर आहे. स्कॅन केला की किंमत, बाकीचे रंग आणि माल गोदामात आहे की नाही हे लगेच दिसतं. सेल्समनच्या मागे मागे फिरावं लागत नाही. माप सेंटिमीटरमधून फूट-इंचात एका टिचकीत बदलतं, ही सोय ज्यानं घातली त्याला माझा नमस्कार. आपल्याकडे सुतारापासून सासूपर्यंत सगळे फुटातच बोलतात. नकाशाही हुशारीनं केलाय. छताखाली जीपीएसचा भरवसा नसतो, म्हणून तुम्ही शेवटचा क्यूआर जिथे स्कॅन केला तीच तुमची जागा धरून ॲप पुढची वाट दाखवतं. साधी युक्ती, पण चालते.

तळघरातल्या गाद्यांच्या विभागात मात्र मोबाइलला रेंज नाही. दुकानाचं वायफाय आहे, पण ते सुरू करायला ओटीपी लागतो आणि ओटीपी यायला रेंज लागते. मग लोक जिन्यात उभे राहून ओटीपी घेतात आणि पुन्हा खाली उतरतात.

आता ज्याची जाहिरात सगळ्यात जास्त, ते फीचर: कॅमेरा हॉलकडे धरायचा आणि सोफा तिथे ठेवलेला बघायचा. आमच्या हॉलमध्ये दोन बाय दोन फुटांच्या पांढऱ्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, म्हणजे जमिनीवर आयताच आलेखाचा कागद. सात फुटी सोफ्यानं साडेतीन टाइल्स घ्यायला हव्यात. पडद्यावर तो चारच्या जवळ गेला, आणि फोन जरा हलवला की भिंतीत शिरायचा. कारण उघड आहे. कॅमेरा जमीन ओळखतो ती तिच्यावरच्या खुणांवरून, आणि गुळगुळीत चकाकत्या लादीवर त्याला खुणा मिळतच नाहीत, वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. सुनेनं नक्षीची चटई अंथरली आणि सोफा बरोबर साडेतीन टाइल्सवर येऊन बसला. तेव्हा तंत्रात खोट नाही. पण मुंबईतल्या किती घरांत अशीच लादी आहे! 'जमिनीवर चटई किंवा चादर अंथरा' एवढी एक ओळ ॲपनं दाखवायला काय हरकत होती?

कपाटांच्या पानांवर 'इंजिनिअर्ड वूड' असं भारदस्त लिहिलंय. त्यात पार्टिकल बोर्डही (लाकडाचा चुरा गोंदानं दाबून केलेला) येतो, एमडीएफही (लाकडाच्या बारीक तंतूंचा) येतो आणि प्लायही. इथल्या पावसाळ्यात ओलीच्या भिंतीला लागून पार्टिकल बोर्ड ठेवला तर खालच्या कडा फुगतात. ग्राहकाला हा फरक कळायलाच हवा. आत काय आहे ते शोधायला मला तीन पानं खाली जावं लागलं.

आणि खरी गोम इथे आहे. ॲप सोफा भिंतीला बसवून दाखवतं, घरात पोचवून दाखवत नाही. आमची इमारत जुनी. लिफ्ट सहा माणसांची, 408 किलोची पाटी लावलेली, जाळीच्या दाराची. दार उघडं 28 इंच, उंची साडेसहा फूट. सात फुटी सोफा त्यात ना आडवा जातो, ना उभा. जिन्याचं वळण तीन फुटांचं. ॲपमधल्या 'माझी खोली' या भागात भिंतीची लांबी भरायला जागा आहे. तिथेच लिफ्टचं दार, लिफ्टची आतली उंची, जिन्याची रुंदी आणि घराचं दार असे चार रकाने हवेत. सामान ज्या पेट्यांत बांधून येतं त्यांची मापं दुकानाकडे असतातच, टेम्पोत माल त्यावरच भरतात. सगळ्यात मोठी पेटी त्या चार मापांशी ताडून हिरवा किंवा लाल ठिपका दाखवायचा, एवढंच काम. आयकिया आपल्या साइटवर प्रत्येक वस्तूच्या पेट्यांची लांबी-रुंदी आणि वजन देतं, तुर्भ्याचं दुकान उघडल्यापासून मी ते आकडे आवडीनं वाचतो. या ॲपमध्ये फक्त जोडलेल्या सोफ्याचं माप.

सेल्समनला विचारलं तर म्हणाला, "काका, पोरं नेतात की वर, कसंही." कसंही म्हणजे कठड्यावरून दोरीनं, आणि मजल्याप्रमाणे वेगळे पैसे. ते पैसे ॲपच्या बिलात कुठेच नाहीत.

शेवटी हात आणि पाय सुटे होणारा तीन सीटचा सोफा घेतला. मोठी पेटी त्यांच्या गोदामातच टेप लावून मोजली, 26 इंच रुंद आणि सहा फूट लांब. डिलिव्हरीला ॲपनं सकाळी दहा ते रात्री आठ अशी ऐसपैस वेळ दिली. आमच्या सोसायटीत दुपारी एक ते चार सामान चढवू देत नाहीत आणि रविवारी अजिबात नाही. हे लिहायलाही रकाना नव्हता, म्हणून टेम्पोवाल्याला मीच फोन केला.

ॲपला पाचपैकी तीन तारे. चौथा लिफ्टचा रकाना आला की देईन.