सावरडोत भाजी घालायची आहे: भोपळा, बीट, बटाटा की गाजर?

साध्या सावरडोचे, म्हणजे विकतच्या यीस्टऐवजी घरच्या आंबवणावर फुगवलेल्या आंबट पावाचे, आठ-दहा लोफ नीट जमले की कणकेत एखादी भाजी घालून बघावी असं वाटायला लागतं. भाजी बहुतेक वेळा फोटो बघून ठरते, आणि फोटोत बीटाचा गुलाबी लोफ सगळ्यांत देखणा दिसतो. मीही तिथूनच सुरुवात केली. कणीक इतकी सुरेख रंगली होती की झाकण काढून काढून बघत होते. लोफ थंड झाल्यावर कापला, तर कडेने बोटभर तपकिरी कडं आणि मध्ये फिकट गुलाबी गोल. चव चांगली होती, पण ज्या रंगासाठी बीट घातलं होतं तो बराचसा ओव्हनमध्येच गेला होता. तेव्हापासून मी भाजी निवडताना आधी पाण्याचा विचार करते: ही भाजी कणकेत किती पाणी आणते, आणि ते कधी सोडते?

तुलनेसाठी एकच माप धरू या. ब्रेडचा, म्हणजे जास्त प्रथिनं असलेला मैदा 500 ग्रॅम, पाणी 350 ग्रॅम, फसफसून वर आलेला स्टार्टर (पीठ-पाण्याचं आंबवण) 100 ग्रॅम, मीठ 10 ग्रॅम. हा लोफ अजून हमखास जमत नसेल तर भाजीकडे वळण्याची घाई करू नका. कणीक सैल झाली की चूक आंबवण्यात झाली की भाजीच्या पाण्यामुळे, हे कळायला मार्ग उरत नाही.

भोपळा आणि बीट

खरी निवड बहुतेकांना या दोघांतच करायची असते, म्हणून आधी हीच जोडी.

लाल भोपळ्याचा रंग कॅरोटिनॉइड गटातला. तो पाण्यात विरघळत नाही आणि ओव्हनची उष्णता बऱ्यापैकी सोसतो. कणीक जितकी पिवळी-केशरी दिसते, साधारण तितकाच लोफही आतून दिसतो. बीटाचा रंग बीटालेन गटातला. तो पाण्यात सहज उतरतो आणि उष्णतेने मोडतो. सावरडो आंबट असल्यामुळे बीटाला इथे थोडी मदत मिळते, कारण हा रंग आम्लात जास्त टिकतो. खायचा सोडा घातलेल्या बीटाच्या केकचा रंग मळकट होतो, त्यामागेही हेच कारण. पण कवचाजवळची उष्णता आम्लालाही भारी पडते. लोफच्या पोटात तापमान शंभर अंशांच्या आतच राहतं, कडेला ते खूप वर जातं. माझं तपकिरी कडं तिथूनच आलं होतं.

तरीही बीटच हवं असेल, तर मला उपयोगी पडलेल्या दोन गोष्टी सांगते. बीट उकडू नका; रंग उकडलेल्या पाण्यात जातो आणि ते पाणी आपण ओतून देतो. कच्चं बीट कणकेच्याच पाण्यातलं थोडं पाणी घेऊन मिक्सरमधून अगदी बारीक वाटा, म्हणजे रंगाला दोनदा उष्णता सोसावी लागत नाही. आणि पीठ पांढरंच घ्या. गव्हाच्या पूर्ण पिठाच्या तपकिरी रंगात गुलाबी छटा बुडून जाते. बीटाला येणारा मातीचा वास काहींना नको असतो. आंबट कणकेत तो बराच निवतो.

बीटाची आणखी एक अडचण आधी कुणी सांगत नाही. साध्या लोफचं कवच सोनेरी झालं, मग तपकिरी झालं, की भाजला गेला हे डोळ्यांना कळतं. बीटाचं कवच सुरुवातीपासूनच गडद असतं, त्यामुळे नजर फसते आणि लोफ मध्ये कच्चट राहतो. बीटाचा लोफ थर्मामीटरशिवाय मी करत नाही. आत 97-98 अंश सेल्सियस दाखवलं की बाहेर.

पाण्याच्या हिशोबात मात्र दोघांशीही जपून वागावं लागतं. कच्च्या लाल भोपळ्यात वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, बीटात थोडंसं कमी. भोपळ्याच्या मोठ्या फोडी साल वर ठेवून ओव्हनमध्ये भाजल्या की बरंच पाणी उडून जातं आणि गोडी दाट होते. वाफवलेला भोपळा त्या मानाने पाणचट राहतो. भाजलेला गर कापडात धरून हलका दाबून बघा. पाणी गळत असेल तर चाळणीवर तासभर निथळत ठेवा. मी 500 ग्रॅम मैद्याला असा 150 ग्रॅम गर घेते आणि पाणी 350 वरून 250 वर आणते. त्याशिवाय 40 ग्रॅम पाणी वाटीत बाजूला काढून ठेवते. मीठ घालताना कणीक घट्ट वाटली तरच ते चमच्या-चमच्याने मुरवायचं. प्रत्येक भोपळ्यातलं पाणी वेगळं असतं. कृतीतल्या आकड्यापेक्षा आपल्या हाताला काय लागतं, ते खरं.

भोपळ्याची कणीक मऊ, किंचित रेशमी लागते. चव हलकी गोड, सावरडोच्या आंबटपणाला छान साथ देणारी. जाळी मात्र साध्या लोफइतकी मोठी पडत नाही, कारण गरातले तंतू ग्लुटेनच्या, म्हणजे कणकेला ताण देणाऱ्या प्रथिनांच्या, जाळ्यात मध्ये मध्ये येतात. मोठ्या भोकांची हौस असेल तर कुठलीच भाजी तुम्हाला खूश करणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत सरळ भोपळ्याला.

बटाटा

दिसायला कणीक तशीच पांढरी, चवीतही फारसा फरक नाही. मग घालायचा कशाला? मऊपणासाठी. उकडताना बटाट्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि ते पाणी लोफ भाजल्यावरही धरून ठेवतो. साधा सावरडो तिसऱ्या दिवशी टोस्ट करूनच खावासा वाटतो, बटाट्याचा मात्र तेव्हाही नुसता खाता येतो. घरात लहान मुलं किंवा दात दुखणारी वडीलधारी माणसं असतील आणि कडक कवचाची तक्रार असेल, तर भोपळ्याच्याही आधी याचा विचार करा.

उकडलेल्या बटाट्यात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं, पण ते स्टार्चमध्ये अडकलेलं असल्यामुळे कणकेत मोकळं होत नाही. म्हणून 125 ग्रॅम बटाट्यामागे मी पाणी 40 ग्रॅमच कमी करते. कणीक हाताला चिकटते. तिला घाबरून वरून मैदा भुरभुरू नका, ओल्या हाताने घड्या घाला, म्हणजे कणकेची कड ओढून तिच्यावरच दुमडा. बटाटा गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा किंवा किसणीवर किसा, आणि कोमट होऊ द्या. कढत बटाटा कणकेत गेला तर स्टार्टरमधलं यीस्ट मरतं. मिक्सरला लावू नका, त्याचा चिकट गोंद होतो. बटाटा मिठाशिवाय उकडला असेल तर ते पाणी गार करून कणकेत वापरा. त्यात थोडा स्टार्च उतरलेला असतोच.

रताळंही असंच वापरता येतं, पण ते जास्त गोड. हळूहळू भाजताना त्यातला स्टार्च माल्टोज साखरेत बदलतो. ती साखर यीस्टला खाऊ मिळते आणि कवचही लवकर लाल होतं. लोफ आधी झाकून आणि मग उघडा भाजतात; झाकण काढल्यानंतरच्या टप्प्यात ओव्हन वीसेक अंशांनी कमी करा, नाहीतर तळ करपतो. रताळ्याचा रंग हवा असेल तर केशरी गराचं घ्या.

गाजर, पालक, झुकिनी

गाजर लोक किसून घालतात आणि इथेच फसतात. भिजवताना कणीक अगदी बेताची असते. मग मीठ आपलं काम सुरू करतं, किसातून पाणी ओढून घेतं, आणि दोन तासांनी भांड्यात बघावं तर कणीक पसरलेली. असा एक लोफ मी हरलेल्या मनाने चपट्या ट्रेमध्ये पसरून फोकाचा (चपटा इटालियन पाव) म्हणून भाजला होता. उपाय सोपा आहे. किसाला कणकेतलंच थोडं मीठ चोळून अर्धा तास ठेवा, मग मुठीने घट्ट पिळा. पिळलेलं पाणी टाकू नका. त्यात मीठ आणि गोडी दोन्ही गेलेली असतात. कणकेच्या पाण्यात मोजून तेच घाला. पिळलेला कीस पहिल्या किंवा दुसऱ्या घडीच्या वेळी घातला की ग्लुटेनला आधी तयार व्हायला वेळ मिळतो. कापल्यावर केशरी ठिपके दिसतात आणि रंग टिकतो, कारण तो भोपळ्याच्याच जातीचा आहे. ज्यांना भाजी चवीपेक्षा दिसायला हवी, त्यांच्यासाठी गाजर उत्तम.

झुकिनीत पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास पाणी. पिळून पिळून हाताला उरतं ते थोडंसं, चव त्याहून थोडी. मला ते कष्ट पटत नाहीत.

पालकाबद्दल थोडं वाईट वाटतं, कारण भिजवलेली हिरवी कणीक खरंच सुंदर असते. पण हिरव्या रंगाच्या क्लोरोफिलला आम्ल सोसत नाही. त्याच्या मध्यभागी असलेलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरव्याचा शेवाळी-तपकिरी होतो. यीस्टच्या झटपट पावात पालक बरा दिसतो. सावरडोत दहा-बारा तास आंबट कणकेत राहून वर भाजला गेल्यावर तो मळकट होतो. चवीसाठी घालायचा असेल तर जरूर घाला, रंगाची आशा ठेवू नका.

कांदा आणि लसूण

ही दोन्ही चवीसाठी, आणि तिथे यांच्या जवळपास कुणी येत नाही. एकच पथ्य: कच्ची घालायची नाहीत. कच्च्या कांद्या-लसणातली गंधकाची संयुगं ग्लुटेनचे बंध सैल करतात, कणीक ओढली की तुटायला लागते. कांदा मंद आचेवर पाणी आटून तपकिरी होईपर्यंत परता, लसणाचा अख्खा गड्डा भाजून पाकळ्या दाबून काढा, आणि पूर्ण गार झाल्यावरच घडीत घाला. हे पिठाच्या दहा-पंधरा टक्केच पुरे. परतलेल्या कांद्यातलं पाणी गेलेलं असल्यामुळे मूळ कृतीतलं पाणी बदलावं लागत नाही, ही मोठीच सोय. भोपळ्याचा गर कमी-जास्त करत बसण्याइतका वेळ नसेल तर हा लोफ सगळ्यांत बिनधोक.

पोषणाचं काय?

मुलांच्या पोटात भाजी जावी म्हणून तुम्ही हे करत असाल, तर हिशोब समोर ठेवते. 150 ग्रॅम गर घातलेला लोफ भाजून साधारण 900 ग्रॅम भरतो. दोन मध्यम स्लाइस म्हणजे नव्वदेक ग्रॅम, त्यात भाजी आली पंधरा ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते. तेव्हा ताटातली भाजी ताटातच राहू द्या. लोफमध्ये भाजी घालायची ती मऊपणासाठी, चवीसाठी, रंगासाठी. मला तेवढी कारणं पुरतात.

कुठलीही भाजी घेतली तरी

गोड भाज्यांच्या साखरेने आंबवण्याचा वेग थोडा वाढतो. नेहमी पाच तास देत असाल तर चौथ्या तासापासून बघायला लागा. गडद कणकेत बुडबुडे नीट दिसत नाहीत, म्हणून सरळ कडांच्या पारदर्शक डब्यात कणीक ठेवून बाहेरून खूण करा. दीडपट झाली की पुरे, दुप्पट होण्याची वाट बघू नका. आकार दिल्यावर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला तर मऊ कणीकही आवळून येते आणि भाजण्याआधी वरून द्यायच्या चिरा स्वच्छ पडतात. भाजताना 240 अंशांवर झाकून 20 मिनिटं, मग झाकण काढून साध्या लोफपेक्षा पाच-सात मिनिटं जास्त.

आणि कापण्याची घाई अजिबात नको. साधा लोफ दोन तासांत कापला तरी चालतो. भाजीचा लोफ आत जास्त ओलावा धरून असतो, तो गरम असताना सुरी घातली की पात्याला चिकट थर येतो आणि भाजला नाही असं वाटून आपण उगीच खट्टू होतो. भोपळ्याचा लोफ मी आता संध्याकाळी भाजते, जाळीवर ठेवते, आणि सकाळीच कापते.